पाव्हण्याचा पाट

१

आमच्या घरात संध्याकाळी भ्यायला बसायची पद्धत पडली होती. दुसऱ्यांच्या घरी त्या वेळी चहा होतो, कुणी हातपाय धुऊन देवापुढं बसतं. आमच्याकडं दोन बापे टीव्हीपुढं मांडी घालून बसायचे आणि दिवेलागणीपर्यंत भ्यायचे. त्यातले एक आमचे हे, ईश्वरअप्पा, सेलूच्या मोंढ्यात कापसाची आडत असलेले. दुसरे शेजारचे दिनकरराव, शाळेत हेडक्लार्क. दोघांची वयं मिळवली तर शंभराच्या जवळ जातील. अकलेची बेरीज मी कधी केली नाही.

तो व्हिडिओ गेम ह्यांनी दिवाळीत परभणीहून पोरासाठी आणला होता. पोरगा तिथंच होस्टेलला असतो. सुट्टीत आला, चार दिवस खेळला, आणि "बाबा, हे लेकरांचं हाय" म्हणून परत गेला. पोरगं गेलं, खूळ राहिलं.

तो दिवाळीला आला तेव्हाची एक गोष्ट सांगते, कारण पुढं तिचं काम आहे. दारात त्याची बॅग वाजली तशी मी स्वयंपाकघरातून ओरडले, "ये रे बाबा, ये!" झालं, आत्याबाई कावल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, नागुबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड तेवढा कळतो. दिवसभर पुढच्या खोलीत दाराजवळच्या बाजेवर बसून असतात आणि कानांनी सगळं घर चालवतात.

"घरच्याला काय ये म्हणायलीस शिवकांता? पाव्हणा हाय का त्यो? घरचं माणूस आपल्या पायानं आत येतं. या म्हणायचं ते परक्याला."

आता यात रागवण्यासारखं काय होतं? पण आमच्या घरात दाराचे कायदे फार. दारात कुणीही उभं राहिलं तर 'या' म्हटल्याशिवाय घास गिळायचा नाही. पाट मांडायचा, तांब्या ठेवायचा. निघताना घरधन्यानं पाव्हण्याला कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत पोचवायचं. आम्ही लिंगायत; दर सोमवारी पाथरीहून आमचे जंगम स्वामी भिक्षेला येत. जंगमानं हाक मारायची नसते, ते नुसते उभे राहात. आत्याबाईंना त्यांची पावलं गल्लीच्या तोंडापासून ओळखू येत, आणि ते उंबऱ्याशी पोचायच्या आत ह्यांचं 'या स्वामी, बसा' तयार असे.

२

गेम असा होता. काळा पडदा, त्यात एक निळा बंगला. हातात कंदील घेतलेला बोटभर माणूस या खोलीतून त्या खोलीत किल्ल्या शोधत हिंडतो. बराच वेळ काही होत नाही. मग पावलं वाजतात. टप, टप, हळूहळू जवळ. ती दाराशी यायच्या आत बटन दाबून दार लावायचं. उशीर झाला की दारात ते उभं. उंच, तोंडावर काही नाही, दोन्ही हात सरळ खाली सोडलेले. मग टीव्ही किंचाळायचा, कंदीलवाला आडवा पडायचा, आणि सगळं पहिल्यापासून.

तसलं ते दिसलं की दोघंही बोंबलायचे. हे तर गळ्यातल्या लिंगाला हात घालून "अगाऽऽ" करत मागं सरकायचे आणि लगेच फिदीफिदी हसून म्हणायचे, "पुन्ना लावा, पुन्ना लावा." परसात साप निघाला तर मला पुढं घालणारा हा माणूस!

संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर झालं. त्या आठवड्यात एस.टी. बंद, मोंढा बंद, शाळा बंद. मग काय, दुपारपासूनच बैठक. मी एकदा चहाचे कप आपटून विचारलंच. "दिनकरराव, बाहेर गावात काय चाललंय, लोक दारं लावून बसलेत. आन् तुमी घरात बसून आणखी भ्यायलात? काय मिळतं त्यात?"

दिनकरराव विचार करून बोलणारे. म्हणाले, "वैनी, बाहेरची भीती कवा संपल ते सांगता येत न्हाई. हिला बटन हाय. लय भ्यालं की बंद करायचं, आन् चहा प्यायचा. मरून उठायला कुठं मिळतं माणसाला?"

"मरून उठायला चहा कामून लागतो मग?" असं म्हणून मी आत आले. चीड आली होती. पण खरं सांगते, त्यांचं बोलणं मला कळलं होतं. कारण भाकरी थापताना ती पावलं वाजली की माझाही हात परातीत थांबायचा. मानेवरून काटा सरकायचा, आणि तो बरा वाटायचा. तव्यावरची भाकरी करपली की मी ह्यांच्यावर ओरडायची.

३

त्या सोमवारी स्वामी आले नाहीत. एस.टी.च नव्हती तर येतील कसे? पण आत्याबाईंना ते पटेना. सकाळपासून जेवल्या नाहीत. "येतील गं. आलं न्हाई असं कवा झालंय?" कानात प्राण आणून बसल्या होत्या. मी दोनदा ताट नेलं, दोनदा परत आणलं.

दिवेलागणीला मी देवापुढं दिवा लावून पुढच्या खोलीत आले. हे दोघं नेहमीसारखे पडद्याला चिकटलेले. कंदीलवाला एका मोठ्या खोलीत उभा होता, कोपऱ्यात एक खुर्ची. पावलं वाजायला लागली. टप. टप. ह्यांनी बटनावर अंगठा ठेवला. दिनकरराव कुजबुजले, "आत्ताच नगं. येऊ द्या जवळ." त्यांना शेवटच्या क्षणी दार लावायची चटक लागली होती.

तेवढ्यात मागून आत्याबाईंचा आवाज आला, मोठा, आनंदानं भरलेला.

"या, या! बसा. दारात कामून उभे?"

हे दचकले. बटन दाबायचं राहून गेलं. ते दारात आलं, उंच, हात खाली सोडलेले. मी कानांवर हात नेले. पण टीव्ही किंचाळला नाही. कंदीलवाला पडला नाही. ते दारात थोडं वाकलं, चौकट लागू नये म्हणून पाव्हणा वाकतो तसं, आणि आत आलं. खोली ओलांडून कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसलं. आमच्याकडं पाठ करून.

मग दिनकरराव खो खो हसले. "आक्का, तुमी तर भुतालाच बोलावलं की!"

आत्याबाईंना त्यांचं बोलणं ऐकूच आलं नाही. त्या भिंतीला हात लावत उठल्या होत्या. नेहमीच्या जागी, दाराच्या डाव्या अंगाला, त्यांनी पाट मांडला. त्या पाटाखालची एक पट्टी सैल आहे. त्यावर कुणी टेकलं की ती टक् वाजते. त्यांनी शेजारी तांब्या ठेवला, पदर सावरला आणि मला म्हणाल्या, "वाढ आता मला. भूक लागली."

दिवसभर उपाशी राहिलेली म्हातारी जेवत होती. तिला आता टीव्ही आणि स्वामी यांतला फरक कोण समजावणार? मी वाढलं.

४

दुसऱ्या दिवशी गेम लावला तर ते खुर्चीवर बसलेलंच होतं.

मला यातलं काही कळत नाही, पण दिनकररावांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, मशीन बंद केलं की त्याला मागचं काही आठवत नसतं, दर वेळी सगळं कोरं होतं. मग त्यांनी कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली, वायर हलवली, पुन्हा लावली. पाठ तशीच. दुसरी किल्ली घेऊन दुसऱ्या खोलीत गेलं तर तिथं काहीच घडेना. पावलं नाहीत, दार लावायची गरज नाही. कंदीलवाला रिकाम्या बंगल्यात जावयासारखा हिंडत होता.

"कॅसेटच डुप्लिकेट निघाली," दिनकरराव म्हणाले. "भीतीच न्हाई तर बसायचं कशाला?" चार दिवसांत त्यांनी यायचं सोडलं. शाळाही सुरू झाली होती. मी मनात म्हटलं, सुटले.

पण हे सुटले नाहीत. मोंढा उघडला तरी हे घरीच. कापसाच्या गाड्या लागल्या, मुनीम दोनदा बोलवायला येऊन गेला, हे पडद्यापुढं. खेळतही नव्हते. कंदीलवाल्याला त्या मोठ्या खोलीत नेऊन उभा करायचे आणि त्या पाठीकडं बघत बसायचे.

"अवो, काय बघायलात?"

"वळंल की कवातरी."

"वळून काय करंल?"

"बसलाय बिचारा कवाचा. कुणी बोलंना त्याच्याशी."

कपाळावर हात मारून घेतला मी. परभणीच्या दुकानदाराला फोन करायला लावला. तो म्हणाला म्हणे, त्या गेममध्ये ते आत येतच नाही हो, दारातच गेम संपतो, तुम्ही दुसराच कुठला तरी लावला असेल. हे सांगताना ह्यांचा आवाज इतका हळू होता की मला जवळ जावं लागलं.

रोज सकाळी आत्याबाई म्हणायच्या, "तांब्यातलं पाणी सरलं गं, भर." मी भरायची. मांजर पीत असेल. नाहीतर म्हातारीच पीत असेल आणि विसरत असेल. थंडीत पाणी उडत नाही, हे मलाही माहीत आहे. पण तांब्या भरता भरता माणसानं किती विचार करायचा?

५

एका दुपारी मी मागं गहू निवडत होते. आत्याबाई बाजेवर झोपलेल्या, घोरणं ऐकू येत होतं. हे न्हाणीत. टीव्ही बंद. पुढच्या खोलीतून आवाज आला.

टक्.

बसलेला माणूस अवघडला की कूस बदलतो, तसा. मी सूप खाली ठेवलं. थोड्या वेळानं पुन्हा टक्.

उठून गेले. खोलीत कोणी नाही. पाट, तांब्या, झोपलेली म्हातारी. मला इतका संताप आला की भीती वाटायला सवडच मिळाली नाही. लाकूड आहे, उन्हाथंडीनं वाजतं, त्यात काय एवढं! पाट उचलला आणि भिंतीला उभा करून ठेवला.

घोरणं थांबलं. "बसल्या माणसाखालचा पाट काढू नये गं," आत्याबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

संध्याकाळी पाट पुन्हा जाग्यावर होता. "कुणी मांडला?" मी विचारलं. "राहू दे," हे म्हणाले. एवढंच.

तेव्हा पहिल्यांदा मी ह्यांच्याकडं नीट बघितलं. आमचे हे घरात बनियन-लुंगीवर असतात. व्याही आले तरी शर्ट शोधायला मला पळावं लागतं. त्या दिवशी ह्यांनी घरात शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. कालही घातला होता, मला आत्ता आठवलं. भाजीत मीठ जास्त झालं तर ताट सरकवून घर डोक्यावर घेणारा माणूस दोन घास खाऊन उठत होता. मी म्हटलं, "पोटभर जेवा की." तर पुढच्या खोलीकडं बघून हळूच म्हणाले, "त्यानं काई खाल्लं न्हाई आजून."

आत जाऊन मी रडले. चिडून रडले, पण रडले. मला माझा ओरडणारा नवरा परत पाहिजे होता.

६

मी वायर उपटली. गेम, कॅसेट, रिमोट सगळं जुन्या लुगड्यात बांधलं आणि कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागं टाकलं. हे बघत राहिले, अडवलं नाही. मी हात झटकत पुढच्या खोलीत आले.

टक्.

"आत्याबाई," मी म्हातारीपुढं बसले. आवाज चढला होता माझा. "तुमी बोलावलं. आता तुमीच घालवा."

"पाव्हण्याला घालवत्यात का? असं कसं बोलायलीस?" त्या म्हणाल्या. मग माझा हात चाचपून धरला. त्यांचा हात गार होता. "मला वाटलं स्वामी आलते. पर हा काई बोलंना. जेवंना. मलाबी आता कळायलंय गं. पर या म्हनल्यावर जा म्हणता येत न्हाई. त्याला पोचवावं लागतं. घरधन्यानं लिंबापत्तोर."

मला हे ऐकून बरं वाटलं, आता हसू येतं त्याचं. काहीतरी रीत आहे, रीतीनं केलं की संपेल. बटनच ते, दुसरं काय!

मागं हे उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी टोपी घातली, वहाणा घातल्या. पाटासमोर जाऊन दोन्ही हात जोडले. "चला," म्हणाले. "लय दिवस झाले तुमाला."

पट्टी वाजली. या खेपेला दोनदा, भार सुटताना वाजते तशी.

हे दारातून आधी निघाले नाहीत. बाजूला सरकून उभे राहिले, कुणाला तरी पुढं जाऊ दिलं. मग मला म्हणाले, "पोचवून येतो गं. भाकर टाक तवर." तो आवाज त्यांचा होता. अगदी त्यांचा, जरासा वसकन् अंगावर आलेला. मला इतका आनंद झाला!

मी उंबऱ्यावर उभी राहून बघत होते. हे रस्त्याच्या एका कडेनं चालले होते, शेजारी जागा ठेवून. मान थोडी वर करून बोलत होते, उंच माणसाशी बोलावं तसं. लिंबाखाली पोचले, थांबले. वाकून नमस्कार केला. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला आणि मी आत पळाले. दूध खाली घेतलं, हात पोळला, दुधाला आणि नशिबाला शिव्या देत परत उंबऱ्यावर आले.

लिंबाखाली एकच जण होता. गेलं एकदाचं, मी म्हटलं, आणि भाकरी टाकायला वळले.

७

आमच्या ह्यांचं येणं मला पाठ आहे. डावी वहाण फरफटते. कोपऱ्यावर खोकतात. दारातून जे आत येतात ते तडक न्हाणीत, पाय धुवायला, जाता जाता "वाढ गं" म्हणत.

आज फरफट ऐकू आली नाही. खोकला नाही. पावलं आली, टप, टप, आणि उंबऱ्याशी थांबली.

मी परात तशीच ठेवून पुढच्या खोलीत आले. दारात हे उभे आहेत. टोपी तीच, शर्ट तोच. मागं रस्त्यावरचा दिवा लागलाय, त्यामुळं तोंड दिसत नाही. एरवी एक हात चौकटीला टेकलेला असतो, नाहीतर गळ्यातल्या लिंगाशी चाळा करत असतो. आज दोन्ही हात सरळ खाली आहेत.

"आलात?" मी म्हणते. "पाय धुवा."

काही नाही.

"दूध उतू गेलं तुमच्यापायी. सगळी साय गेली." सायीवर जीव आहे ह्यांचा. ओरडतील म्हणून मी थांबते. नाहीत ओरडत.

"भाजीत मीठबी लय झालंय," मी म्हणते. "ऐकू आलं का? तोंडात घालवंना इतकं झालंय. ओरडा की!" माझाच आवाज फाटतो.

ते उभेच.

असं कसं होईल, मी मनाशी म्हणते. माणूस थकला असेल. चार दिवस पोटात नीट अन्न नाही, चक्कर आली असेल. नवरा आहे माझा, हात धरून आत घ्यावा, बसवावा, पाणी द्यावं. 'या' म्हणायला जीभ टाळ्याला लागते, एवढासा तर शब्द आहे. पण हे घर त्यांचं आहे. आपल्या घरात यायला माणूस कशाची वाट बघतो?

बाजेवर आत्याबाई जाग्या झाल्या आहेत. लेकाचं पाऊल त्यांना गल्लीच्या तोंडापासून ओळखू येतं. त्यांनी मान दाराकडं वळवली आहे, कान देऊन ऐकतायत, आणि त्यांच्या तोंडावर ते जुनं, पाव्हणा आल्याचं हसू पसरायला लागलंय.

"कोण हाय गं दारात?" त्या विचारतात. "कवाचं उभं हाय. या म्हण की."

मी धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात दाबते.

आत तव्यावर भाकरी करपायला लागली आहे. दारातल्यानं मान थोडी वाकवली आहे, चौकट लागू नये म्हणून. आमची चौकट ह्यांना कधी लागत नव्हती. माझ्या तळहाताखाली म्हातारीचे ओठ हलतायत.